एवढीशी बी, केवढी तहान!

दोस्ता, एक वाटी, एक चमचा आणि अर्धा तास आहे का तुझ्याकडे? मग चल, एक गंमत करू!

घरात चियाच्या बिया असतील तर मोठ्यांना विचारून चमचाभर घे. नसतील तर सब्जा घे. फालुद्यात काळे काळे ठिपके असतात ना, तोच सब्जा! तो तर चियापेक्षाही घाईचा. चिया निवांत फुगत बसते, सब्जा पाच-दहा मिनिटांत फुगून मोकळा!

चियाच्या बिया मिळाल्या तर आधी कोरड्याच तळहातावर घे आणि नीट बघ. लांबून सगळ्या काळ्या वाटतात. पण जवळून? कुणी राखाडी, कुणी तपकिरी, एखादी चक्क पांढरट. आणि प्रत्येकीच्या अंगावर बारीक बारीक नक्षी! एखाद्या चिमुकल्या पक्ष्याचं ठिपक्याठिपक्यांचं अंडं असावं ना, तशी. फक्त हे अंडं तिळाहूनही लहान. घरात भिंग असेल तर शोधून आण. खरंच आण, मी थांबते.

आता त्या चमचाभर बियांवर आठ-दहा चमचे पाणी ओत आणि लगेच ढवळ! आळस करू नकोस, नाहीतर सगळ्यांचा एकमेकींना चिकटून गोळा होतो. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळ. मग जा, खेळून ये.

अर्ध्या तासाने वाटीत डोकाव. अरेच्चा! पाणी कुठे गेलं?

सांडलं नाही. मांजर प्यायलं नाही. वाटी तिरपी करून बघ. पाणी सळकन वाहत नाही, सगळं कसं जाडसर लगदा होऊन हळूच सरकतं. एक बी चिमटीत धरायला जा. धरता येते का? सुळकन निसटते! पावसाळ्यात डबक्याच्या कडेला बेडकाची अंडी पाहिली आहेस का? मधे काळा ठिपका आणि भोवती काचेसारखा गोळा. अगदी तस्सं!

आता अंदाज कर. एका बीने किती पाणी धरून ठेवलं असेल? तिच्या वजनाइतकं? दुप्पट? तिप्पट?

दहा-बारा पट!

म्हणजे बघ हं. तुझं वजन ३० किलो असेल आणि तू चियाची बी असशील, तर तुला किमान ३०० लिटर पाणी अंगाला धरून उभं राहावं लागेल. गच्चीवर ते मोठ्ठं निळं पिंप असतं ना, ते साधारण २०० लिटरचं असतं. तसं दीड पिंप पाणी! आणि एक थेंबही खाली सांडायचा नाही!

ही जादू होते कशी? बीच्या सालीच्या सगळ्यात बाहेर इवल्या इवल्या पेशींचा एक थर असतो. भिंत जशी विटांची, तसं झाडांचं आणि आपलं शरीर पेशींचं. पण चियाच्या या बाहेरच्या पेशी फार लबाड. त्यांच्यात एक सुकलेला चिकट पदार्थ दाबून दाबून भरलेला असतो. सहलीला निघताना दप्तरात डबा, बाटली, टॉवेल, खाऊ कोंबतो आणि कशीबशी चेन लावतो, तसा! पाणी लागलं की तो चिकट पदार्थ पाणी पितो आणि फुगायला लागतो. फुगतो, फुगतो, आणि मग पेशीची भिंत फाटते. आतून सूक्ष्म धागे बाहेर उसळतात. चारी बाजूंना! या धाग्यांच्या जाळ्यात पाणी अडकतं, आणि तयार होतं ते पारदर्शक, बुळबुळीत जेल.

भेंडी चिरताना बोटांना लागतो तो चिकटपणा? तोही याच घराण्यातला. शास्त्रज्ञ अशा पदार्थाला श्लेष्मल म्हणतात. आपण बुळबुळीत म्हणू, चालेल!

पण हे सगळं बी करते तरी कशासाठी? तुझ्या नाश्त्यासाठी? छे! तिला तुझा पत्ताही माहीत नाही.

तिला रुजायचं असतं. आणि रुजायला पाणी लागतं. पाऊस पडून गेला, ऊन आलं, माती सुकली, तरी बीच्या अंगाभोवती ओल टिकून राहते. स्वतःचं पाणी स्वतःजवळ! शिवाय जेल चिकट असतं, त्यामुळे बी मातीला घट्ट चिकटून बसते. पाण्याच्या ओघळाबरोबर वाहून जात नाही. आणि मुंगी तिला ओढून न्यायला आली तर? ओढ, ओढ, ओढ... बी हलेल तर शपथ!

हा चिकटपणा पाहून अमेरिकेत लोकांनी चक्क एक खेळणं काढलं. १९७७ साली! नाव चिया पेट. मातीचं भाजलेलं डोकं किंवा प्राणी. त्याच्या अंगावर भिजवलेल्या चियाचा लगदा फासायचा आणि आत पाणी भरायचं. थोड्या दिवसांत बिया रुजतात आणि मातीच्या मेंढ्याला हिरवीगार लोकर फुटते! उभ्या अंगावर लावूनसुद्धा बिया खाली पडत नाहीत. का ते तुला आता माहीत आहे.

तुलाही करायचा आहे असा मेंढा? चिया नको, वाण्याकडून अळीव आण. लालसर, लांबट, स्वस्त. थोडे पाण्यात भिजव, चिकट झाले की मातीच्या एका लहानशा मडक्याला बाहेरून फास. मडक्यात पाणी भर. मडकं न रंगवलेलं हवं, म्हणजे आतलं पाणी झिरपून बाहेर येईल. वरून रोज थोडं पाणी शिंपड. दोन-तीन दिवसांत कोंब दिसायला लागतील. मग मडक्याला डोळे आणि नाक काढ. केस आपोआप येतील!

आता चियाच्या गावाला जाऊ. फार लांब आहे. मेक्सिको आणि ग्वाटेमाला! मेक्सिकोत पूर्वी अ‍ॅझटेक लोकांचं मोठं राज्य होतं. हाताखालची गावं राजाला खंडणी द्यायची. सोनं? पिसं? हो, तेही. पण कोठारं भरून धान्यसुद्धा! साधारण १५४१ च्या सुमारास मेक्सिकोत एक चित्रांची पोथी तयार झाली. तिला कोडेक्स मेंडोझा म्हणतात आणि आज ती इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. कोणी काय काय द्यायचं त्याची त्यात चित्रं काढली आहेत. मका आहे, घेवडा आहे, चिया आहे. आणि ओळख पाहू आणखी कोण?

राजगिरा!

आपल्या उपासाच्या लाडवातला राजगिरा! मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या पाकात घालून वड्या थापतात. तुझ्यापुढे ठेवली तर तू चिक्की समजून उचलशील. आणि तिथे उन्हाळ्यात काय पितात? पाणी, लिंबू, साखर आणि भिजवलेली चिया. म्हणजे आपलं सब्जा घातलेलं लिंबू सरबतच की! हजारो मैल दूर, आणि डोकं एकच.

चिया आणि सब्जा यांचं खरोखरच नातं आहे बरं का. दोघंही तुळस आणि पुदिना यांच्या कुळातली. विश्वास बसत नाही? पुदिन्याची एक काडी घे आणि दोन बोटांत धरून फिरव. गोल लागते का? नाही! चौकोनी लागते. चार कोपरे जाणवतात. या कुळातल्या पुष्कळ झाडांचं खोड असं चौकोनी असतं. उद्या तुळशीचं कोवळं खोड तपासून बघ. हळूच हं, आजी बघेल.

पण खरं आश्चर्य पुढेच आहे. अळीव भिजवले की बुळबुळीत होतात. पण अळीव तुळशीच्या कुळातले नाहीत, ते मोहरीच्या कुळातले! जवस भिजवला की तोही चिकट होतो. जवसाचं कुळ आणखी वेगळं! आणि इसबगोल? पोट साफ होत नाही तेव्हा आजोबा रात्री पाण्यातून घेतात तो? त्याचं कुळ तिसरंच! कुणी कुणाला शिकवलं नाही. कॉपी केली म्हणावं तर एका वर्गातसुद्धा नाहीत! वेगवेगळ्या झाडांनी आपापली एकच युक्ती शोधून काढली. मला तर हे चियापेक्षाही भारी वाटतं.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरांना ही युक्ती कधीपासून ठाऊक आहे! अळीव नारळाच्या पाण्यात भिजवतात. ते टम्म फुगले की त्यात ओलं खोबरं आणि गूळ घालून शिजवतात आणि लाडू वळतात. बाळंतिणीला आवर्जून देतात, कारण अळिवात लोह भरपूर. जवस भाजून, लसूण-मीठ-तिखट घालून कुटला की जवसाची चटणी. भाकरीवर ती चटणी आणि वर तेलाची धार! असो. मला भूक लागायला लागली.

आता ओट्सकडे वळू. कारण हल्ली चिया बहुतेक वेळा त्यांच्याच वाडग्यात सापडते.

ओट्स हे गहू-ज्वारीसारखंच एक धान्य. उत्तर भारतात त्याला जई म्हणतात आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी लावतात. १७५५ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉन्सन यांनी एक मोठा शब्दकोश छापला. त्यात ओट्सचा अर्थ देतानाच त्यांनी स्कॉटलंडच्या लोकांना चिमटा काढला होता, की आमच्याकडे हे घोडे खातात आणि तुमच्याकडे माणसं! शब्दकोशात चेष्टा! स्कॉटलंडच्या लोकांनी मात्र ओट्स सोडले नाहीत. तिथे कारब्रिज नावाच्या गावात ओट्सची लापशी करण्याची जागतिक स्पर्धा होते. १९९४ पासून! बक्षीस काय, तर लापशी ढवळायची सोनेरी काठी!

डब्यात मिळतात ते चपटे ओट्स कसे होतात माहीत आहे? आपले पोहे जसे दाबून चपटे करतात, तसेच. दाणे सोलायचे, वाफवायचे आणि रुळांमधून दाबून काढायचे. अख्खा दाणा शिजायला पाऊण तास घेतो, चपटा पाच-दहा मिनिटांत तयार. आणि शिजताना तो दाटसर, मऊ होतो, कारण ओट्समध्येही पाण्यात विरघळून घट्ट होणारा एक तंतू असतो. बीटा-ग्लुकन त्याचं नाव.

शिजवायचेही नसतील तर? साधारण १९०० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बिर्खर-बेन्नर नावाचे एक डॉक्टर होते. ते आपल्या रुग्णांना ओट्स पाण्यात भिजवून, त्यात किसलेलं सफरचंद, लिंबाचा रस आणि थोडं दूध घालून द्यायचे. तीच पहिली म्युस्ली! रात्री फ्रिजमध्ये दुधात ओट्स आणि चिया भिजत घालायचे आणि सकाळी खायचे, ही आजची पद्धत त्याच वाटेवरची. रात्रभर ओट्स मऊ होतात, चिया फुगते, आणि सकाळी चमचा उभा राहील इतकं घट्ट झालेलं असतं.

यातून मिळतं काय? १०० ग्रॅम चियात साधारण ३४ ग्रॅम तंतू असतो. म्हणजे तिसरा हिस्सा! हा तंतू आपल्याला पचत नाही. मग खायचा कशाला? कारण तो आतड्यातून जाताना पाणी धरून ठेवतो. शी मऊ होते आणि सकाळी संडासात बसून कुंथावं लागत नाही. हसू नकोस, फार महत्त्वाची गोष्ट आहे ती! शिवाय चियात आणि जवसात ओमेगा-३ नावाची चांगली चरबी असते.

पण आता तू नाक मुरडून म्हणशील, "ई! मला बुळबुळीत नाही आवडत!"

नसेल आवडत! त्यात काही चूक नाही. खाणं नुसतं जिभेने होत नाही. दातांना काय लागतं, नाकाला काय येतं, एवढंच काय, कानाला काय ऐकू येतं तेही मोजलं जातं. खरं सांगते! इंग्लंडमध्ये २००४ साली दोन शास्त्रज्ञांनी लोकांना कानाला हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स खायला दिले. चिप्स सगळे सारखेच. पण कुर्रम कुर्रम आवाज हेडफोनमधून कधी मोठा करून ऐकवला, कधी बारीक. आवाज मोठा असला की लोक म्हणायचे, हा चिप्स ताजा! बारीक असला की म्हणायचे, हा जरा शिळा वाटतो! या प्रयोगाला २००८ साली इग नोबेल मिळालं. आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते बक्षीस देतात.

आणि जीभ तरी सगळ्यांची सारखी कुठे असते? १९३१ सालची गोष्ट. आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पावडर ओतत होते. ती थोडी हवेत उडाली. शेजारचा माणूस ओरडला, "किती कडू!" फॉक्स म्हणाले, "मला तर काहीच लागत नाही!" दोघांनीही चाखून पाहिली. एकाला कडूजहर, दुसऱ्याला काही चवच नाही! पुढे कळलं की हा फरक जन्मतःच असतो. डोळ्यांचा रंग येतो, तसाच आईबाबांकडून येतो. काही लोकांना तर कोथिंबीर साबणासारखी लागते! आपल्याला घमघमाट, त्यांना साबण. बिचारे!

म्हणून तुझी पद्धत तू शोध. बुळबुळीत नको? मग चिया आधी भिजवू नकोस. गरम ओट्स वाडग्यात घेतले की वरून अर्धा चमचा पेर, ढवळ आणि पाच-सात मिनिटांत खा. कडेने मऊ, मधे अजून थोडी कुरकुरीत! बी दिसायलाच नको? मिक्सरमधून पूड करून दुधात घाल. गोड आवडत नाही? मलाही ओट्स दुधातले झेपत नाहीत. मी सरळ फोडणी देते. मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, मटार, आणि वर लिंबू. उपम्यासारखे होतात. आंब्याच्या दिवसांत दुधात भिजवलेल्या ओट्सवर आंब्याच्या फोडी घाल, मग साखर कोण मागतंय!

आणि ओट्सच कशाला? चिया महाग असते. नाचणीच्या आंबिलीबरोबर जवसाची चटणी खाल्ली तरी तंतू मिळतो, ओमेगा-३ ही मिळतं. फक्त जवस कुटूनच खायचा. अख्ख्या जवसाचं कवच इतकं टणक, की तो पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो!

पहिल्या घासाला नाही आवडलं तर लगेच कट्टी घेऊ नकोस. लहान मुलांवर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. नवा पदार्थ आवडायला कधी कधी दहा-पंधरा वेळा चाखावा लागतो. वाडगाभर नाही, नुसता एक घास. कारल्याला मी जरा जास्तच वेळ दिला, पण आता आवडतं.

एक गोष्ट मात्र अगदी पक्की लक्षात ठेव. चियाच्या कोरड्या बिया चमचाभर तोंडात टाकून वरून पाणी कधीही प्यायचं नाही. कधीही! अमेरिकेत एका माणसाने असंच केलं. बिया त्याच्या अन्ननलिकेतच फुगल्या आणि रस्ता बंद! पाणीसुद्धा खाली उतरेना. डॉक्टरांनी दुर्बीण घालून तो गोळा मोकळा केला. २०१४ साली डॉक्टरांच्या एका परिषदेत ही हकिकत सांगितली गेली. तेव्हा आधी भिजव किंवा ओल्या खाण्यात मिसळ. सुरुवात लहान चमच्याने कर आणि दिवसभर पाणी पीत जा. घरातल्या धाकट्यांच्या हाताला बियांची बरणी लागणार नाही अशी ठेव, आणि आजीलाही हे वाचून दाखव.